नेमणूक दिली, कामाचे काय?

बेहाला हे नाव मराठी वाचकाच्या परिचयाचे आहे ते मुख्यतः सौरव गांगुलीचे गाव म्हणून. कोलकाता महानगराच्या दक्षिण-पश्चिम भागात, डायमंड हार्बर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पसरलेली ही जुनी आणि गजबजलेली वस्ती आहे. तथापि बेहालाची आणखी एक ओळख आहे व ती क्रिकेटच्या कीर्तीहून पुष्कळ जुनी आहे. रेव्हरंड लालबिहारी शाह यांनी १८९७ साली स्थापन केलेली कलकत्ता अंधशाळा याच रस्त्यावर उभी आहे. मुंबईत ताडदेवची व्हिक्टोरिया मेमोरियल अंधशाळा १९०२ साली सुरू झाली, हे ध्यानात घेतले म्हणजे बेहालाच्या या शाळेचे वय लक्षात येते.

लुई ब्रेलची सहा ठिपक्यांची लिपी १८२९ साली फ्रान्समध्ये प्रसिद्ध झाली होती. शाह यांनी ती बंगाली भाषेसाठी बसविली आणि पुढे ती ‘शाह ब्रेल’ या नावाने ओळखली गेली. सर्व भारतीय भाषांसाठी समान अशी भारती ब्रेल १९५१ साली स्वीकारली जाईपर्यंत निरनिराळ्या प्रांतांत अशा निरनिराळ्या पद्धती चालत होत्या. येथे एक साधी गोष्ट नजरेआड होऊ नये. शाह यांनी मुलांच्या डोळ्यांवर उपचार केले नाहीत, ते त्यांच्या हाती नव्हते. त्यांनी पुस्तकाचे रूप बदलले. बाळबोध छापलेले पान ज्याला वाचता येत नाही, त्याच्या बोटांना वाचता येईल असे पान त्यांनी तयार केले. मुले तीच राहिली, विद्या तीच राहिली, बदलले ते केवळ साधन.

आज ज्याला कायद्याच्या भाषेत ‘वाजवी सोय’ म्हणतात, तिचे सारे मर्म या एका उदाहरणात सामावले आहे. शाळेच्या बाबतीत समाजाला हे पटले आहे. कार्यालयाच्या बाबतीत मात्र ते अद्याप पुरते पटलेले दिसत नाही. अपंग उमेदवाराला नोकरी देणे हे आपले कर्तव्य आहे, इथवर सर्वांचे एकमत होते. परंतु नोकरी दिल्यानंतर त्याच्या हातून काम व्हावे म्हणून काय करावयाचे, या प्रश्नापाशी हे एकमत थांबते.

तारातला येथील दोन संस्था

बेहालाला लागूनच तारातला हा भाग आहे. तेथे दोन संस्था आहेत. एक भारत सरकारची टाकसाळ, जी १९५२ सालापासून येथे नाणी पाडते. दुसरी इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सेरेब्रल पाल्सी. मिठू अलूर यांनी १९७२ साली मुंबईत सुरू केलेल्या स्पास्टिक्स सोसायटीच्या पाठोपाठ १९७४ साली सुधा कौल यांनी कोलकात्यात हे कार्य उभे केले.

या दुसऱ्या संस्थेत काम करणाऱ्या जीजा घोष यांचे प्रकरण देशभर गाजले. त्या स्वतः सेरेब्रल पाल्सी असलेल्या, उच्चशिक्षित आणि आपल्या विषयातील अधिकारी व्यक्ती. मुंबईच्या संस्थेने गोव्यात भरविलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेसाठी त्या फेब्रुवारी २०१२ मध्ये कोलकात्याहून निघाल्या होत्या. विमानात आसनावर बसल्यानंतर त्यांना खाली उतरविण्यात आले. त्यांच्या हालचाली व बोलणे पाहून कर्मचाऱ्यांना त्या आजारी वाटल्या होत्या. सर्वोच्च न्यायालयाने १२ मे २०१६ रोजी दिलेल्या निकालात त्यांना १० लाख रुपयांची भरपाई मंजूर केली.

या घटनेकडे सर्वसाधारणपणे प्रवासातील अपमान म्हणून पाहिले जाते, आणि तो अपमान होताच. परंतु तिची दुसरी बाजू अशी की, त्या बाई कामावर निघाल्या होत्या. त्यांच्याकडे ज्ञान होते, निमंत्रण होते, तिकीट होते. त्यांच्या कामात अडथळा आला तो त्यांच्या शरीराचा नव्हे, तर समोरच्या माणसाने मनात धरलेल्या समजुतीचा. कार्यालयात रोज घडणाऱ्या गोष्टी याहून पुष्कळ सौम्य असतात. तेथे कोणी कोणाला उतरवून देत नाही. तेथे बसविले जाते, आणि बसवूनच ठेवले जाते.

रिकामी टेबले

बँकांमध्ये एके काळी अंध कर्मचाऱ्यांसाठी ठरलेले एक काम होते, ते म्हणजे टेलिफोन ऑपरेटरचे. प्रशासकीय कार्यालयाच्या तळमजल्यावरील त्या छोट्या खोलीतून अनेक जणांनी निष्ठेने आणि कुशलतेने सेवा केली. शेकडो विस्तार क्रमांक त्यांना मुखोद्गत असत. केवळ आवाजावरून ग्राहक ओळखणारे ऑपरेटर जुन्या कर्मचाऱ्यांना आजही आठवतील. पुढे थेट डायलिंग आले, मोबाइल आले आणि ते काम आपोआप संपले. काम संपले, पण माणूस सेवेतच होता. त्याला नवे काम शिकविण्याचा विचार ज्या कार्यालयांत झाला, तेथे तो पुन्हा उपयोगी ठरला. जेथे झाला नाही, तेथे त्याच्यासमोर एक टेबल राहिले आणि हजेरीपटावर एक सही.

अशा टेबलाची कल्पना करणे कोणत्याही बँक कर्मचाऱ्याला कठीण जाऊ नये. समजा, एखाद्या शाखेत स्पर्धा परीक्षा उत्तीर्ण होऊन एक दृष्टिहीन तरुण लिपिक म्हणून रुजू होतो. पहिल्या दिवशी त्याचे पुष्पगुच्छ देऊन स्वागत होते. शाखाधिकारी सहृदय असतात. ते म्हणतात, “तुम्ही आरामात बसा, काही त्रास करून घेऊ नका.” सहकारी चहा आणून देतात, संध्याकाळी हात धरून बसथांब्यापर्यंत सोडतात. महिना जातो, वर्ष जाते. सर्वजण त्याच्याशी चांगले वागत असतात, पण त्याच्या संगणकावर स्क्रीन रीडर काही बसत नाही. ज्याने पदवी मिळविली, हजारोंच्या स्पर्धेत परीक्षा दिली, तो माणूस दिवसभर आजूबाजूच्या कळफलकांचा आवाज ऐकत बसतो. पाच वर्षांनी पदोन्नतीच्या मुलाखतीत त्याला विचारले जाते, “आपण आजवर कोणकोणत्या विभागांत काम केले?” या प्रश्नाचे उत्तर त्याच्याजवळ नसते आणि ते नसण्यात त्याचा काडीमात्र दोष नसतो.

मराठीत एक म्हण आहे, ‘आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते.’ गैरव्यवस्थेचे वर्णन करताना ती सर्रास वापरली जाते. अपंगत्वावरील बहुतेक म्हणी थट्टेच्या वा कीवेच्या आहेत. त्यांत ही एकच म्हण अशी, की जिच्यात अंध व्यक्ती काम करताना दिसते. नीट पाहिले तर त्या बिचाऱ्याच्या कामात काहीच उणे नाही. जाते फिरते आहे, पीठ पडते आहे. चूक आहे ती पीठ उघड्यावर राहू देणाऱ्या घराची. जात्याभोवती एक आडोसा केला असता, तर ही म्हण जन्मालाच आली नसती. पिढ्यान्‌पिढ्या आपण दळणाऱ्याला हसत आलो, आडोसा कोणी करावयाचा होता हे मात्र कोणी विचारले नाही.

कायदा काय सांगतो

१९९५ च्या अपंग व्यक्ती अधिनियमाने शासकीय सेवांत ३ टक्के आरक्षण दिले. त्या कायद्याचा भर मुख्यतः प्रवेशावर होता. संयुक्त राष्ट्रांनी डिसेंबर २००६ मध्ये अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीचा करार संमत केला व भारताने तो १ ऑक्टोबर २००७ रोजी मान्य केला. त्या अनुषंगाने झालेला दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. अपंगत्वाचे प्रकार सातावरून एकवीस झाले आणि आरक्षण ४ टक्के झाले. त्याहून महत्त्वाचे असे की, ‘वाजवी सोय’ ही संकल्पना कायद्यात स्पष्ट शब्दांत आली. विशिष्ट प्रकरणी अवाजवी अथवा प्रमाणाबाहेर बोजा न टाकता केलेले आवश्यक व योग्य फेरबदल, असा तिचा अर्थ. कलम २० नुसार प्रत्येक शासकीय आस्थापनेने आपल्या दिव्यांग कर्मचाऱ्यांना ही सोय दिली पाहिजे. ती देणे न देणे कोणाच्या मर्जीवर ठेवलेले नाही.

बँकिंग क्षेत्राच्या दृष्टीने लक्षणीय बाब ही की, हा कायदा येण्यापूर्वीच मुंबई उच्च न्यायालयाने हे तत्त्व एका बँकेच्याच प्रकरणात मान्य केले होते. मूत्रपिंडाचे प्रत्यारोपण झालेला एक उमेदवार परिवीक्षाधीन अधिकारी म्हणून निवडला गेला, पण वैद्यकीय तपासणीत त्याला अपात्र ठरविण्यात आले. २००९ साली न्यायालयाने स्पष्ट केले की, उमेदवार काम करू शकत असेल तर त्याच्यासाठी वाजवी सोय करणे हे नियोक्त्याचे कर्तव्य आहे. पुढे ११ फेब्रुवारी २०२१ रोजी विकास कुमार प्रकरणात न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने या तत्त्वाचे सविस्तर विवेचन केले. त्याचा आशय असा की, सोय नाकारणे हाच भेदभाव होय, आणि प्रत्येकाची गरज त्याच्याशी बोलून, त्याच्यापुरती ठरविली पाहिजे.

यातील ‘त्याच्याशी बोलून’ हा भाग सर्वात मोलाचा व सर्वात दुर्लक्षित आहे. सर्व अंधांना ब्रेल येत नाही. उतारवयात दृष्टी गेलेल्यांना तर ती क्वचितच येते. सर्व कर्णबधिरांना खाणाखुणांची भाषा येते असेही नाही. एका अस्थिव्यंग कर्मचाऱ्याला उतार लागतो, तर दुसऱ्याला त्याच उतारापेक्षा कठड्याच्या दोन पायऱ्या सोयीच्या वाटतात. विभागीय कार्यालयाने एकाच प्रकारचे साहित्य घाऊक खरेदी करून सर्व शाखांना पाठविले, तर खर्च होईल आणि सोय होणार नाही. यासाठी विचारावयाचा प्रश्न एकच आहे आणि त्याला पैसा लागत नाही: “हे काम करण्यासाठी तुम्हाला काय लागेल?”

खर्च किती, आणि कशाचा?

सोयीचे नाव काढताच खर्चाचा मुद्दा निघतो. तो मुद्दा मांडणाऱ्यांचा हेतू वाईट असतो असे नाही. बँकेत प्रत्येक रुपयाचा हिशेब द्यावा लागतो. म्हणूनच हिशेब नीट मांडलेला बरा.

संगणकाच्या पडद्यावरील मजकूर बोलून दाखविणाऱ्या प्रणाली पूर्वी महाग होत्या. २००६ साली ऑस्ट्रेलियातील दोन दृष्टिहीन तरुणांनी सुरू केलेला ‘एनव्हीडीए’ हा स्क्रीन रीडर विनामूल्य मिळतो. त्याहून मोठी अडचण आहे ती विनाकारण निर्माण केलेली. परिपत्रकाची छापील प्रत काढावयाची, तिच्यावर सही-शिक्का घ्यावयाचा आणि मग त्या कागदाचे छायाचित्र ई-मेलने सर्व शाखांना पाठवावयाचे, ही पद्धत अनेक कार्यालयांत रूढ आहे. डोळस कर्मचारी ते वाचतो. स्क्रीन रीडरला मात्र ते केवळ एक चित्र असते आणि तो मुका राहतो. तेच परिपत्रक युनिकोडमधील मजकूर म्हणून सोबत जोडले, तर अंध अधिकारी ते इतरांच्या आधी वाचून मोकळा होईल. मराठी आणि बंगाली परिपत्रके जुन्या टंकांत तयार होत असत तेव्हाही हाच अनर्थ होत असे. पडद्यावर अक्षर मराठी दिसे, पण आतून ते इंग्रजी अक्षरांचे कडबोळे असे. या दुरुस्तीला खर्च शून्य आहे.

आणखी काही गोष्टी पाहाव्यात. अंतर्गत संकेतस्थळावर प्रवेश करताना चित्रातील वाकडीतिकडी अक्षरे ओळखण्याऐवजी ध्वनीचा पर्याय ठेवणे. प्रशिक्षणाच्या चित्रफितीखाली मजकूर देणे. बैठकीतील निर्णय कर्णबधिर सहकाऱ्याला लेखी देणे. चाकाच्या खुर्चीवरील अधिकाऱ्याचे टेबल तळमजल्यावर ठेवणे. डायलिसिस घेणाऱ्याला ठरावीक दिवशी वेळेची मुभा देणे. यांतील एकही गोष्ट बँकेच्या ताळेबंदावर उमटण्याइतकी मोठी नाही.

शिवाय सोय ही केवळ अपंगांनाच लागते, हा समजही तपासून पाहावा. रोखपालाच्या शेजारी नोटा मोजण्याचे यंत्र असते, बनावट नोट ओळखण्यासाठी अतिनील दिवा असतो. डोळस माणसाची नजर आणि बोटे या कामाला अपुरी पडतात, म्हणूनच ती साधने दिलेली असतात. त्यांना कोणी सवलत म्हणत नाही. रोखपालाला यंत्र दिले म्हणून त्याच्यावर उपकार केले, असे कोणाच्या मनातही येत नाही. मग स्क्रीन रीडर दिल्याची बातमी छायाचित्रासह का छापावी?

शंका आणि त्यांची उत्तरे

काही शंका प्रामाणिक असतात आणि त्यांना प्रामाणिकपणेच उत्तर दिले पाहिजे. अंध अधिकारी धनादेशावरील सही ताडून कशी पाहणार? नाही पाहू शकणार. कर्णबधिर लिपिक दूरध्वनीवर ग्राहकाशी कसा बोलणार? नाही बोलू शकणार. हे मान्य करण्यात कमीपणा नाही. परंतु बँकेच्या कामाची रचनाच अशी आहे की, कोणतेही काम एकट्याने पूर्ण होत नाही. एक नोंद करतो, दुसरा ती तपासून मंजूर करतो. ज्या संस्थेने प्रत्येक व्यवहाराचे दोन भाग करून दोन माणसांना वाटून दिले, तिला दोन कर्मचाऱ्यांमध्ये दोन कामांची अदलाबदल अवघड वाटू नये. सही ताडण्याचे काम एकाने करावे, त्याच्या वाट्याचा पत्रव्यवहार, थकीत कर्जदारांशी दूरध्वनी, तक्रारींचे निवारण अथवा कर्ज प्रस्तावाची छाननी दुसऱ्याने करावी.

दुसरी शंका सहकाऱ्यांची असते. ती उघडपणे बोलली जात नाही, पण जेवणाच्या सुटीत कानी येते. “त्यांचे काम शेवटी आमच्याच अंगावर पडते.” पुष्कळदा हे खरेही असते. परंतु ते पडते सोय केली म्हणून नव्हे, तर सोय केली नाही म्हणून. ज्याला साधन दिले नाही त्याचे काम दुसऱ्याला करावेच लागते. त्यातून त्या दुसऱ्याच्या मनात अढी निर्माण होते आणि पहिल्याच्या मनात अपराधीपणा. दोघेही एकाच चुकीचे बळी असतात.

तिसरी शंका क्षमतेची. उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांची दृष्टी लहानपणीच गेली. केंद्रीय लोकसेवा आयोगाची परीक्षा उत्तीर्ण होऊनही रेल्वे सेवेत त्यांना दृष्टिहीनतेच्या कारणावरून नियुक्ती नाकारली गेली. त्यांनी पुन्हा परीक्षा दिली, १२४ वा क्रमांक मिळविला आणि भारतीय प्रशासन सेवेत प्रवेश केला. २०१९ साली त्यांनी तिरुवनंतपुरम येथे उपजिल्हाधिकारी पदाची सूत्रे हाती घेतली. एका सेवेला जी व्यक्ती अपात्र वाटली, तिच्या हाती दुसऱ्या सेवेने महसुली कारभार सोपविला. दरम्यान त्यांच्या डोळ्यांत काहीच फरक पडलेला नव्हता.

कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांचेही उदाहरण मराठी वाचकाला परिचित आहे. ऐन तारुण्यात कमरेखालचा भाग निकामी झाला, तरी केंद्रीय अबकारी खात्यात त्यांनी नोकरी केली, १९८४ साली ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था स्थापन केली आणि शेकडो अपंगांना शिक्षण व रोजगाराची वाट दाखविली. त्यांच्या आत्मकथनाचे नाव आहे ‘चाकाची खुर्ची’. सामान्यतः लोक चाकाच्या खुर्चीला बंधन समजतात. जो ती वापरतो, त्याला मात्र ती दारातून बाहेर नेते.

साहेब बदलले की सोय बदलते

या सर्व विवेचनात बँकेच्या दृष्टीने कळीचा मुद्दा वेगळाच आहे. चांगल्या सोयी अनेक शाखांत होतात, हे मान्य केले पाहिजे. परंतु त्या बहुधा एखाद्या भल्या शाखाधिकाऱ्याच्या पुढाकाराने होतात. त्याने आपल्या अखत्यारीत टेबल हलविलेले असते, स्क्रीन रीडर बसवून घेतलेला असतो, कामाची वाटणी तोंडी ठरवून दिलेली असते. मग दोन-तीन वर्षांनी त्याची बदली होते. नवे साहेब येतात. त्यांना काहीच ठाऊक नसते. संगणक बदलला जातो, नव्या संगणकावर ती प्रणाली नसते. टेबलाच्या जागी नवे यंत्र येते. कर्मचाऱ्याला पुन्हा पहिल्यापासून सर्व सांगावे लागते, विनवावे लागते. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा सांगताना आपण तक्रारखोर ठरू, या भीतीने पुष्कळजण बोलणेच सोडून देतात. रिकाम्या टेबलाचा इतिहास अनेकदा असाच असतो.

कर्जाची मंजुरी कोणी तोंडी देत नाही. लॉकरची किल्ली कोणी नोंदीवाचून सुपूर्द करीत नाही. मग माणसाच्या कामाची सोय तेवढी तोंडी का असावी? ती त्याच्या सेवापुस्तिकेत लेखी असावी. कोणती गरज आहे, कोणते साधन दिले, कोणती कामे वाटून दिली, पुढील आढावा केव्हा, हे चार रकाने पुरेसे आहेत. बदलीच्या वेळी, मग ती कर्मचाऱ्याची असो वा अधिकाऱ्याची, हा कागद कार्यभारासोबत हस्तांतरित व्हावा. केंद्राच्या कार्मिक विभागाने ३१ मार्च २०१४ रोजी दिव्यांग कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाविषयी, साधनांविषयी व कामाच्या जागेविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. २०१६ च्या कायद्याने समान संधी धोरण आणि तक्रार निवारण अधिकारी यांची तरतूद केली. चौकट तयार आहे. तीत माणसाचे नाव लिहिणे बाकी आहे.

हे ज्यांना आपल्याशी संबंधित वाटत नसेल, त्यांनी आणखी एका तरतुदीकडे लक्ष द्यावे. सेवेत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला शासकीय आस्थापनेने कामावरून कमी करू नये, त्याचा हुद्दा घटवू नये, गरज पडल्यास त्याच वेतनश्रेणीत दुसरे काम द्यावे, तेही नसेल तर जादा पद निर्माण करून त्यावर ठेवावे, असे कायदा सांगतो. ही तरतूद कोणासाठी आहे? मधुमेहाने ज्याची दृष्टी मंदावत चालली आहे त्याच्यासाठी, शाखेतून घरी परतताना ज्याला अपघात झाला त्याच्यासाठी, अर्धांगाच्या झटक्यानंतर ज्याची जीभ जड झाली त्याच्यासाठी. अपंगत्व ही अशी अवस्था आहे की जिच्यात कोणीही, कोणत्याही दिवशी, पूर्वसूचनेवाचून प्रवेश करू शकतो. आज शेजारच्या टेबलासाठी केलेली व्यवस्था उद्या आपल्याच कामी येऊ शकते.

ग्राहकाचा वाटा

हे अंक ग्राहकही वाचतात आणि त्यांचाही यात वाटा आहे. खिडकीपलीकडे बसलेल्या कर्मचाऱ्याने कानाला यंत्र लावलेले दिसले, तर थोडे समोर पाहून, सावकाश बोलावे. आवाज चढविण्याची गरज नसते. “दुसरे कोणी आहे का?” हा प्रश्न ओठांवर येण्यापूर्वी अर्धा मिनिट थांबावे. बहुतेक वेळा तेवढ्यात काम झालेले असते.

ग्राहकसेवेच्या क्षेत्रात बँकांनी या दिशेने काही पावले टाकली आहेत. अंध ग्राहकांना धनादेश पुस्तिका, एटीएम कार्ड व लॉकर नाकारू नये, असे रिझर्व्ह बँकेने २००८ साली बजावले. देशातील पहिले बोलणारे एटीएम २०१२ साली अहमदाबादेत सुरू झाले आणि १ जुलै २०१४ पासून बसविली जाणारी सर्व नवी एटीएम बोलकी असावीत, असा नियम झाला. नोट ओळखून सांगणारे ‘मणी’ हे मोबाइल ॲप रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०२० रोजी उपलब्ध करून दिले. ३० एप्रिल २०२५ रोजी तर सर्वोच्च न्यायालयाने, डिजिटल केवायसीची प्रक्रिया दृष्टिहीनांना व ॲसिड हल्ल्यातील पीडितांना पार पाडता आली पाहिजे, असे सांगितले. ग्राहकासाठी जे यंत्र बोलू लागले, ते खिडकीच्या आतल्या बाजूला बसलेल्या कर्मचाऱ्यासाठी मुके राहावे, हे विसंगत आहे.

२०११ च्या जनगणनेनुसार देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्ती होत्या. त्यांत काम करणाऱ्यांचे प्रमाण शंभरात सुमारे छत्तीस होते. बँकेच्या परीक्षेतून आत आलेला प्रत्येक दिव्यांग उमेदवार म्हणजे या आकड्याविरुद्ध झगडून वर आलेला माणूस होय. दारापर्यंत तो स्वतःच्या बळावर आला आहे. आत आल्यावर त्याला खुर्ची देऊन शांत बसविणे, हा त्याच्या कष्टांचा अवमान आहे आणि बँकेच्या वेतनखर्चाचा अपव्ययही.

शेवटी पुन्हा तारातलाच्या त्या टाकसाळीकडे वळावे. देशाने ७ मार्च २०१९ रोजी १ ते २० रुपयांच्या नाण्यांची नवी मालिका आणली. मूल्य वाढत जाते तसा नाण्याचा आकार व वजन वाढावे, २० रुपयांच्या नाण्याला बारा बाजू असाव्यात, अशी रचना करण्यात आली. दृष्टिहीन व्यक्तीला नाणे हाताने ओळखता यावे हा त्यामागील उद्देश. अंधारात खिसा चाचपणाऱ्या डोळस माणसालाही त्याचा उपयोग होतो. कडा बदलल्याने नाण्याची किंमत एका पैशानेही घटली नाही. कामाचे स्वरूप थोडे बदलल्याने कामाची प्रतही घटत नाही. बेहालाच्या शाळेतील पहिल्या विद्यार्थ्याच्या बोटांखाली ठिपक्यांचे पान ठेवले गेले, त्याला सव्वाशेहून अधिक वर्षे लोटली. आपल्या शाखेतील त्या एका शांत टेबलापाशी जाऊन “तुम्हाला काय लागेल?” असे विचारण्यास आणखी किती काळ घ्यावयाचा, हे ज्याने त्याने ठरवावे. मिळालेले उत्तर लिहून ठेवावे, म्हणजे ते बदलीबरोबर निघून जाणार नाही.